मोकळा फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि मधला कार्ब्युरेटर

जुन्या बुलेटचा सायलेन्सर आतून सडला की दोनच पर्याय उरतात. कंपनीसारखाच बंद बाटलीचा दुसरा घ्यायचा, नाहीतर मोकळ्या वाटेचा. मी मोकळ्या वाटेचा घेतला. आत जाळीदार नळी, तिच्याभोवती काचलोकर आणि टोकाला स्क्रूने काढता-घालता येणारा, आवाज दाबणारा बॅफल. त्याच सुमारास फिल्टरचा डबा उतरवून कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला. हे दोन बदल केलेल्या कितीतरी गाड्या रोज रस्त्यावर दिसतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या आवाजावरूनच कळतं, की मधल्या कार्ब्युरेटरला कुणी हात लावलेला नाही. रेस मिटली की फटाके, सिग्नलला स्लो टिकत नाही म्हणून मनगट सतत चालू, आणि चढावर नुसता आवाज. माझ्या गाडीचंही बदल केल्यावर नेमकं हेच झालं. तिथून पुढे ती मार्गावर कशी आली, ते सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे टप्प्याटप्प्याने लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं.

गाडी म्हणजे बुलेट स्टँडर्ड ३५०. जुनं कास्ट आयर्नचं इंजिन, सीबी पॉइंट (ठिणगी वेळेवर पाडणारा यांत्रिक स्विच), किक. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. कॉम्प्रेशन फक्त ६.५ ला १. कार्ब्युरेटर व्हीएम २४, म्हणजे रेसची केबल थेट पिस्टन वर उचलते तो साधा, जुन्या पद्धतीचा. (कार्ब्युरेटरमधल्या स्लाइडला आमच्याकडे मेकॅनिक लोक पिस्टनच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.) हे इंजिन वर फिरण्यासाठी केलेलंच नाही. कमी फिरून जोरात ओढायचं, हा त्याचा स्वभाव. तो स्वभाव राखूनच सगळं करायचं, एवढं माझं ठरलेलं होतं.

बदल केल्यावरची लक्षणं अशी. सकाळी चोक ओढून लागायची, पण चोक बंद केला की मरायची. रेस पटकन उघडली की आधी एक पोकळ ‘भक्क’, क्षणभर काहीच नाही, आणि मग ओढ. उतारावर रेस मिटली की सायलेन्सरमधून फटफट. घाटात पूर्ण उघडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जीवच नाही. बेंड पाइप हेडच्या जवळ निळा पडायला लागला. प्लग काढून पाहिला, तर पोर्सेलीन पांढरंफटक.

ही सगळी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेल्या मिक्श्चरची लक्षणं आहेत. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. ताकद हवी असेल तेव्हा हवेचा भाग साडेबारा-तेरापर्यंत खाली आणावा लागतो. यापेक्षा हवा जास्त झाली की जळणं मंद होतं, इंजिन तापतं, आणि एअरकूल्ड इंजिनात ते तापणं पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मुळावर येतं.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. सर्रास सांगतात, की हवा जास्त यायला लागली म्हणून पेट्रोल कमी पडलं. पण कार्ब्युरेटरच्या घशातून हवा जितकी जोरात जाते, तितका तिथला दाब उतरतो आणि तितकं पेट्रोल जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) वर येतं. हवा वाढली की पेट्रोलही वाढतंच. मग गाडी लीन का होते? कारण फ्लोट चेंबरवर (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीवर) बाहेरच्या मोकळ्या हवेचा दाब असतो आणि मूळ गाडीत इंजिन हवा ओढतं ती डब्याच्या अरुंद तोंडातून आणि दाट फिल्टरमधून. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच दाब थोडा उतरलेला असतो. हा फरक आणि घशातला फरक मिळून पेट्रोल वर ढकलतात. कारखान्यात जेटचा नंबर ठरतो, तो या दोन्हींची बेरीज धरून. डबा काढला की त्यातला एक भाग गेला. हवा मोकळी झाली, पण पेट्रोल वर आणणारा जोर कमी झाला. म्हणूनच फिल्टर बदलणं म्हणजे एका अर्थी कार्ब्युरेटरच बदलणं आहे.

याची खात्री करायला कुठलंही यंत्र लागत नाही. शंकूच्या फिल्टरला साधारण तिसरा हिस्सा झाकला जाईल इतकी कागदी टेप गुंडाळली आणि गाडी चालवली. अडखळणं लगेच कमी झालं. टेप काढली की परत आलं. इंजिनाला पेट्रोल हवं होतं, यात शंका उरली नाही.

त्यात आणखी एक भर हल्लीच्या पेट्रोलची आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलला एकास सुमारे नऊ, आणि या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या काळच्या पेट्रोलवर जुळवलेली कार्ब्युरेटरची गाडी काहीही न बदलता सात-आठ टक्के लीन झालेली आहे. त्यावर फिल्टर आणि सायलेन्सर मोकळा केला की उरलेली मोकळीकही संपते. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांचा सेन्सर हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. आपल्या गाडीत ते काम पितळेचे जेटच करणार.

माझ्या डोक्यात जेटच होते, पण मामांनी आधी थांबवलं. वाईच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे, छोटंच, आणि या इंजिनावर त्यांचा हात बसलेला आहे.

“मामा, मेन जेट वाढवायचाय. शंभरचा टाकू का डायरेक्ट?”

“आधी पॉइंट बघ. आगच वेळेवर पडंना, तर पेट्रोलला कशाला दोष देतूस? टॅपेट बघ, हवा कुठनं खातीय का बघ. मग जेट.”

त्यांचं बरोबर होतं, आणि हा टप्पा कुणीही गाळू नये असं मी आग्रहाने सांगेन. पॉइंटचं तोंड घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिमीत बसवला. टायमिंग ॲमिटरवरच पाहिलं. पॉइंट उघडला की ॲमिटरचा काटा मधे येतो, त्या खुणेवर. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट) इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, पुशरॉड बोटांनी फिरेल पण वरखाली हलणार नाही इतपत. मग गाडी स्लोवर ठेवून कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या पॅकिंगवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिथून हवा शिरत असेल तर फवाऱ्याने क्षणभर इंजिनाचा सूर बदलतो. तो बदलला. कार्ब्युरेटरची फ्लँज वर्षानुवर्षांच्या आवळण्याने वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट केली, ओ-रिंग नवी घातली. काही लोक या कामाला कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल उडवतात. तापलेल्या इंजिनाशेजारी ते करू नये, पाण्याने तेवढंच कळतं.

निडलही, म्हणजे पिस्टनला लटकणारी निमुळती सुईही तपासली. वीस वर्षं पिस्टनबरोबर वरखाली होऊन निडल एका अंगाने चकचकीत झिजते आणि ती ज्यात बसते तो निडल जेट लांबट होतो. अशी जोडी पाव ते अर्ध्या रेसपर्यंत पेट्रोल जास्त सोडते आणि बाकीचं सगळं जुळवणं फसवं ठरतं. निडल आणि निडल जेट दोन्ही एकत्रच बदलले. नुसती निडल बदलून भागत नाही.

जेट पुण्याच्या नाना पेठेतून आणले. मेन जेट ९५, १००, १०५, ११० आणि पायलट २२.५, २७.५, ३०. माझ्या कार्ब्युरेटरमध्ये मूळ मेन ९० आणि पायलट २५ होता. बाजारात नक्कल जेट भरपूर आहेत आणि त्यांच्यावरचा नंबर म्हणजे आतलं भोक असेलच असं नाही. दिव्यासमोर दोन जेट शेजारी धरून भिंगातून पाहिलं, तर एका ९५च्या जेटचं भोक १००पेक्षा मोठं निघालं. तो बाजूला टाकला. जेटमध्ये तार किंवा सुई घालून भोक ‘मोठं’ करणाऱ्यांचा तर मला फार राग येतो. पितळ मऊ असतं, एकदा ओरखडा पडला की त्या नंबराला अर्थ राहत नाही, आणि गाडी पुढच्या माणसाकडे गेली तर तो बिचारा डोकं आपटत बसतो.

आता कुठला भाग कधी काम करतो, ते. हे मूठ किती उघडी आहे यावर ठरतं, गाडी किती वेगात आहे यावर नाही. मूठ बंद ते आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत पिस्टनच्या खालचा तिरका काप. पाव ते पाऊण निडल. पाऊण ते पूर्ण मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण गोंधळ उडण्याइतक्या नाहीत. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर कागदी टेप लावली आणि पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा पेनाने खुणा केल्या. गाडी अडखळली की खाली बघायचं: कुठल्या खुणेवर? तोच भाग दोषी. ज्यांच्या गाडीचं ट्यूनिंग महिनोन्‌महिने रखडतं, त्यांच्याकडे बहुतेक ही टेप नसते. त्यांना गाडी ‘चाळीसला’ अडखळते एवढंच माहीत असतं. चाळीसच्या वेगाला मूठ सपाटीवर पाव असते आणि घाटात पूर्ण.

क्रम मी वरून खाली धरला. आधी मेन, मग निडल, शेवटी पायलट. बहुतेक जण एअर स्क्रूपासून सुरू करतात, कारण तो बाहेरून फिरवता येतो. पण मेनमधून येणारं पेट्रोल निडलच्या वाटेवरूनच जातं, म्हणून मेन बदलला की निडलचं काम थोडं हलतं. खालून सुरू केलं की केलेलं पुन्हा करावं लागतं.

मेन जेटसाठी पूर्ण मूठ उघडी ठेवून काही क्षण तरी चालवावं लागतं आणि सपाट रस्त्यावर त्यात वेग धोकादायक होतो. पसरणीचा घाट यासाठी उत्तम. वाईतून पाचगणीकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण उघडली, तरी चढ गाडीला आवरून धरतो. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हाच गेलो, आणि सोबत पाने, जेट, फडकं, एक रिकामी बाटली. दर वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत काढायचं आणि इंजिन निवल्यावरच हात घालायचा.

खूण अशी ओळखायची. पूर्ण मूठ असताना ती अगदी किंचित मिटायची. गाडीने त्या क्षणी उलट उचल घेतली, तर मेन लहान आहे. कारण मूठ मिटताना मिक्श्चर क्षणभर रिच (पेट्रोल जास्त असलेलं) होतं आणि इंजिनाला ते आवडलं. उलट गाडी दबली, भकभकली, तर मेन मोठा आहे. नुसती किंचित संथ झाली, तर बरोबर आहे. मूळ ९०वर गाडीने स्पष्ट उचल घेतली. ९५वर कमी. १००वर ती सरळ, एका सुरात वर चढली. तरीही १०५ घालून पाहिलाच, कारण जास्त म्हणजे किती ते कळल्याशिवाय बरोबर कुठे आहे याची खात्री पटत नाही. १०५वर आवाज जाड झाला, ओढ जड झाली. परत १००.

मग प्लगवर खात्री. नवा प्लग घालून पूर्ण मुठीवर चढ घ्यायचा आणि एका क्षणी क्लच दाबून चावी बंद करायची, गाडी तशीच कडेला घ्यायची. स्लोवर आणून बंद केली तर प्लग स्लोचा रंग दाखवतो, मेनचा नाही. हल्लीच्या शिसेविरहित, इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग पूर्वीसारखा विटकरी होत नाही. टोकाचा रंग बघून फसायला होतं. पोर्सेलीनच्या अगदी मुळाशी, आत, काजळीचं बारीक कडं दिसायला हवं. ते भिंगातून पाहिलं. होतं.

निडलवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि माझ्या मते तोच या कामाचा गाभा आहे. आपण गाडी चालवतो ती पाव ते अर्ध्या मुठीवर. बाजारात जाताना, हमरस्त्यावर पन्नासच्या वेगाला, मागे कुणी बसलेलं असताना. पूर्ण मूठ उघडायची वेळ क्वचित येते. तरी लोक मेन जेट बदलून ट्यूनिंग झालं म्हणतात. निडलला पाच खाचा असतात आणि त्यातल्या एका खाचेत छोटी क्लिप. क्लिप खालच्या खाचेत नेली की निडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. माझी मधल्या, म्हणजे तिसऱ्या खाचेत होती. चौथ्या खाचेत नेल्यावर पाव मुठीवरचं ते ‘भक्क’ गेलं, हे खरं. पण अर्ध्या मुठीवर सपाटीला गाडी सुस्त झाली आणि पेट्रोल जास्त जायला लागलं. तिसरी कमी, चौथी जास्त. यावर जुना तोडगा आहे: क्लिप तिसऱ्या खाचेत ठेवून तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा पातळ वॉशर. निडल अर्ध्या खाचेइतकी उचलली जाते. मामांनी डब्यातून एक वॉशर काढून दिला, तोच आजही आत आहे.

त्यानंतरची ओढ शब्दांत सांगायला आवडेल, पण ती मनगटात जाणवते. चौथ्या गिअरमध्ये गाडी हळू चालली असताना मूठ उघडत नेली, की मधे कुठेही पायरी लागत नाही. आवाज वाढतो आणि त्याच प्रमाणात गाडी पुढे जाते.

पायलट आणि एअर स्क्रू. इंजिन पूर्ण तापवून, स्लो किंचित वाढवून, एअर स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि इंजिन सर्वात जास्त फिरतं ती जागा शोधायची. या कार्ब्युरेटरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे तो हवा आवळतो-सोडतो. आत फिरवला की मिक्श्चर रिच, बाहेर काढला की लीन. सर्वोत्तम जागा स्क्रू जवळजवळ बंद असताना, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्याही आत आली, तर पायलट लहान आहे. अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेली, तर पायलट मोठा आहे. माझी जागा पाव फेऱ्यावर आली. २५ काढून २७.५ घातला, तेव्हा ती दीड फेऱ्याच्या आसपास स्थिरावली. चोक बंद केल्यावर मरणं तिथेच थांबलं.

फटाके बरेच कमी झाले, पण गेले नाहीत. लीन पायलटमुळे न जळलेलं मिक्श्चर सायलेन्सरमध्ये जातं, हे एक कारण. दुसरं कारण बेंड पाइप आणि हेडचा सांधा. रेस मिटली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल त्या हवेवर पाइपातच पेटतं. सांध्याभोवती काजळीचे फराटे दिसले. उष्णता सोसणारं सीलंट लावून तो बसवला आणि उतारावर गाडी शांत झाली. आजही कुणी फटाक्यांची तक्रार घेऊन आलं, की मी आधी तिथे बोट दाखवतो.

पायलट बरोबर बसला का, हे तपासायचं एक स्वस्त यंत्र प्रत्येक गावात आहे आणि ट्यूनिंगसाठी ते फार थोडे लोक वापरतात. पीयूसी केंद्र. तिथली तपासणी स्लोवर होते, म्हणजे यंत्र नेमका पायलटचाच हिशेब सांगतं. ३१ मार्च २०००नंतर तयार झालेल्या जुन्या फोरस्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. पीयूसीवाल्या दादांना विनंती करून छापील कागदाबरोबर चालू आकडेही पाहिले. लहान पायलटवर कार्बन मोनॉक्साइड अगदीच कमी दिसत होता, पण हायड्रोकार्बन चढलेला. म्हणजे लीन होऊन मधे मधे फायरिंगच चुकत होतं आणि पेट्रोल कच्चं बाहेर पडत होतं. नव्या पायलटवर मोनॉक्साइड दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला आणि हायड्रोकार्बन खाली आला. कानाने ठरवलेली जागा आणि यंत्राची जागा यात स्क्रूचा जेमतेम आठवा फेरा इतका फरक होता.

इथे काम संपायला हवं होतं. शंकूच्या फिल्टरने ते संपू दिलं नाही. ऊस कारखान्यांच्या हंगामात आमच्या भागातले रस्ते ट्रॅक्टरच्या धुळीने भरलेले असतात आणि तो फिल्टर उघड्यावर, मागच्या चाकाच्या समोर. तेल लावलेली त्याची जाळी पंधरवड्यातच काळी व्हायची. धूळ साचेल तशी हवा आवळायची आणि घाटात जुळवलेला मेन हळूहळू मोठा वाटायला लागायचा. मग पाऊस. पाचगणी-महाबळेश्वरकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना सांगायला नको. फिल्टर भिजला की गाडी घुसमटते. बाजूचा वारा जोरात असला तरी स्लो हलतो. प्लास्टिकची पिशवी बांधून फिरणारे लोक पाहिले आहेत. मला रोज वापरायच्या गाडीवर ते पटलं नाही.

मूळ डबा परत बसवला. आत नवा, कमी दाट असलेला फिल्टर घातला आणि तोंडाची घाण साफ केली. सायलेन्सर तोच ठेवला. अपेक्षेप्रमाणे गाडी लगेच रिच झाली, घाटात १००वर भकभकली. मेन ९५वर आणला आणि ती पुन्हा सुरात आली. निडल आणि पायलट तसेच राहिले. इंजिन तेच, सायलेन्सर तोच, पेट्रोल तेच. फक्त डबा आला आणि पेट्रोल ओढणारा जोर परत आल्यामुळे एका नंबराने जेट लहान झाला. वर जे तोंडाशी उतरलेल्या दाबाचं लिहिलं, ते मला तेव्हा पहिल्यांदा हाताला लागलं. खालची ओढही शंकूपेक्षा डब्याबरोबरच चांगली आहे. लांब स्ट्रोकच्या या इंजिनाला डब्यातली साठलेली, स्थिर हवा मानवते, असं माझं पक्कं मत झालं आहे.

मग या सगळ्यातून ताकद किती वाढली? थोडी. वरच्या टोकाला गाडी आधीपेक्षा मोकळी फिरते, मागे ओझं असताना चढावर एखादा गिअर जास्त टिकतो. साडेसहाच्या कॉम्प्रेशनमधून याहून जास्त निघत नाही. सायलेन्सर बदलून बुलेट ‘रॉकेट’ होते, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. बॅफल काढून पाहिला, तेव्हा तर खालची ओढ उलट कमी झाली आणि आवाज असह्य झाला. बॅफल परत घातला, कायमचा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपासून फेरफार करण्यावर बंधन आहे आणि आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी रात्री अकरा वाजता झोपलेल्या गावातून जाताना लोकांची झोप मोडणारी गाडी मला माझी म्हणवणार नाही. आजचा आवाज मूळ सायलेन्सरपेक्षा किंचित जाड आहे, मोठा म्हणता येणार नाही.

ज्यांच्याकडे पल्सर, युनिकॉर्न किंवा ॲल्युमिनियम इंजिनाची नंतरची बुलेट आहे, त्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यांचा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमचा असतो, त्यात पिस्टन रबरी पडद्याच्या जोरावर उचलला जातो. त्याचा मिक्श्चरचा स्क्रू बहुधा इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो, म्हणून त्याचं सगळं उलट: बाहेर काढला की रिच. निडलला बहुतेकदा एकच खाच असते, तिथे वॉशरशिवाय गत्यंतर नाही. आणि उघडा शंकूचा फिल्टर अशा कार्ब्युरेटरला जास्तच त्रास देतो, कारण तोंडाशी हवा हिंदकळली की पिस्टनही फडफडतो. एप्रिल २०२०पासून बीएस ६ आल्यावर नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच, त्यांचा विषय वेगळा.

एवढं जुळवल्यावरही उंचीचा हिशेब राहतोच. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या जवळ. वर हवा विरळ, म्हणून गाडी किंचित रिच होते. ते चालतं, तोटा फक्त थोड्या पेट्रोलचा. खरी काळजी उलट बाजूला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलो, की आपण जवळजवळ समुद्रसपाटीला असतो. वाईच्या मानाने हवा सात टक्क्यांच्या आसपास दाट, मिक्श्चर तीन-चार टक्के लीन, आणि वर कोकणातला उष्मा. ९५ वरून १००वर गेलं की ते भरून निघतं. म्हणून टूलबॉक्समध्ये १००चा जेट कागदात गुंडाळून ठेवलेला असतो. एका दिवसाची फेरी असेल तर बदलत नाही, पूर्ण मूठ उघडत नाही एवढंच. चार-आठ दिवस दापोली-गुहागरकडे मुक्काम असला, की पोलादपूरच्या अलीकडे सावली बघून थांबतो, इंजिन निवू देतो आणि १००चा चढवतो. परत येताना ९५. एअर स्क्रू खाली उतरल्यावर पाव फेरा आत, वर आल्यावर पाव फेरा बाहेर.

सध्याचं जुळवलेलं असं आहे: मेन ९५, निडल तिसरी खाच आणि खाली वॉशर, पायलट २७.५, एअर स्क्रू दीड फेरा. ॲव्हरेज चौतीस-पस्तीसच्या घरात, मूळच्या जवळपास. तुमच्या गाडीत हे नंबर जसेच्या तसे घालू नका. तुमची निडल किती झिजली आहे, फिल्टर कुठला आहे, सायलेन्सर किती मोकळा आहे, यावर ते एक-दोन नंबर इकडे-तिकडे होतील. टेप लावून घाटात जा आणि वरून खाली या.

थंडी सुरू झाली की पायलट एकदा पुन्हा तपासायचा आहे. डिसेंबरच्या पहाटे हवा दाट होते, तेव्हा २७.५ पुरतो की स्क्रू एका फेऱ्यावर न्यावा लागतो, ते बघायचं आहे.